वाचक विचारतात: स्मशानातली रंगीत काच

गेल्या अंकात लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेलमधल्या फॉरेस्ट लॉन मेमोरियल पार्कबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की तिथे दफनभूमीतच मोठमोठी धार्मिक चित्रं, संगमरवरी पुतळे आणि स्टेन्ड ग्लासच्या खिडक्या आहेत. त्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकते. नावं नेहमीप्रमाणे काढलीत.

ताई, माझी मुलगी ग्लेंडेलला असते, जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. ती म्हणते फॉरेस्ट लॉन बघायला नेते. मी म्हटलं अगं स्मशानात काय फिरायला जायचं, घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ करावी लागेल! ती नुसती हसते. खरंच बघण्यासारखं आहे का? (नाशिक)

काकू, खुशाल जा. आंघोळीचं तुम्ही आणि लेक मिळून ठरवा, मी मध्ये पडत नाही. पण गेटमधून आत गेलात की तुम्हाला ते स्मशान वाटणारच नाही, कारण उभे दगड, क्रॉस, काळवंडलेल्या देवदूतांच्या मूर्ती असं काही दिसतच नाही, नुसती हिरवळ आणि टेकड्या. नावांच्या पाट्या जमिनीत सपाट बसवलेल्या आहेत.

ही सगळी ह्यूबर्ट ईटन नावाच्या माणसाची कल्पना. दफनभूमी १९०६ पासून होती, पण साधीच. १९१७ मध्ये ईटनने ठरवलं की आपलं स्मशान उदास नको, लोक इथे पिकनिकसारखे यायला हवेत, प्रेमिकांनी फिरायला हवं, चित्रं बघायला हवीत. त्याने हे जाहीरनामा काढावा तसं लिहूनच ठेवलं आणि ते तिथे दगडावर मोठ्या अक्षरांत कोरलेलं आहे. ख्रिस्ताबद्दलही त्याचं एक खास म्हणणं होतं, की चित्रांत तो कायम दुःखी का, मला हसरा, तेजस्वी ख्रिस्त हवाय. आता पाट्या सपाट ठेवल्या की गवत कापायचं मशीन सरळ फिरतं, हाही हिशोब त्यात होताच, माणूस धंदेवाईक होता. मरणाआधीच जागा बुक करा हे त्याने जोरात विकलं. आणि या सुंदर बागेत कित्येक दशकं काळ्या लोकांना जागा विकत मिळत नव्हती, तेही सांगायला हवं, नाहीतर सगळं फारच गोड होईल.

तिथे चर्चही आहेत आणि त्यात लग्नं लागतात! पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांचं पहिलं लग्न, अभिनेत्री जेन वायमनशी, १९४० मध्ये याच आवारातल्या ‘वी कर्क ओ द हेदर’ नावाच्या छोट्या चर्चमध्ये लागलं. स्कॉटलंडमधल्या एका जुन्या चर्चवरून बांधलंय ते, आणि खिडक्यांच्या काचांवर एका स्कॉटिश प्रेमगीताची गोष्ट आहे. आपल्याकडे स्मशानाच्या आवारात मुहूर्त धरला तर वऱ्हाडी सोडा, भटजीसुद्धा मिळायचा नाही.

एक दिवस पूर्ण काढा, गाडी लागेल, कारण जागा साधारण तीनशे एकर आहे आणि चढण आहे. गुडघे दुखत असतील तर लेकीला आधीच सांगा.

लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’, म्हणजे येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण, तिथे काचेत केलंय असं तुम्ही लिहिलं. म्हणजे कॉपीच ना? कॉपी बघायला एवढं लांब कशाला जायचं, मूळ चित्र मिलानमध्ये आहे की. (पुणे)

पुण्याहून हा प्रश्न येणार हे अपेक्षितच होतं.

हो, कॉपी आहे. पण मूळ चित्राचं काय झालं ते आधी बघा. लिओनार्दोने १४९५ ते १४९८ च्या सुमारास ते मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर काढलं, आणि ओल्या गिलाव्यावर भराभर रंग लावायची जी फ्रेस्कोची पक्की पद्धत असते ती त्याने वापरली नाही कारण त्याला सावकाश, पुन्हापुन्हा हात फिरवत काम करायचं होतं, म्हणून कोरड्या भिंतीवर रंगवलं. परिणाम असा की त्याच्या हयातीतच रंग सुटायला लागले. पुढे १६५२ मध्ये तिथल्या लोकांनी भिंतीत दार पाडलं आणि येशूचे पायच गेले. ईटनला नेमकी हीच हळहळ लागली होती की एवढं चित्र असं झडून जाणार, तर ते न झडणाऱ्या गोष्टीत करून घ्यावं. काचेतला रंग झडत नाही.

हे काम इटलीतल्या पेरुजियाच्या रोझा कासेल्ली मोरेत्ती यांनी केलं. तिथलं मोरेत्ती-कासेल्ली हे काचचित्रं करणारं घराणंच, पिढ्यानपिढ्या तेच काम. वर्षानुवर्षं खपून त्यांनी खिडकी पूर्ण केली आणि १९३१ मध्ये ती फॉरेस्ट लॉनच्या ग्रेट मॉसोलियममध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या समाधीघरात, सगळ्यांसाठी खुली झाली. माणसं जवळपास खऱ्या मापाची आहेत. समोर खुर्च्यांवर बसायचं, निवेदन ऐकायचं आणि बघायचं.

आता यहूदाची गोष्ट. तिथे अशी सांगतात की बाकी सगळे शिष्य भट्टीतून नीट निघाले पण येशूला पैशांसाठी पकडून देणाऱ्या दगाबाज यहूदाची काच पाच वेळा तडकली आणि सहाव्यांदा जमली. ऐकायला झकास आहे, आणि गाईडला तर असल्या गोष्टी हव्याच असतात. मला त्यात पापापेक्षा भट्टी जास्त दिसते. लिओनार्दोच्या चित्रात यहूदा बाकीच्यांच्याच बाजूला बसलाय, त्याच्याआधीचे बहुतेक चित्रकार त्याला टेबलाच्या अलीकडे एकटा बसवायचे. मग तो वेगळा कसा ओळखायचा, तर मागे रेललेला, हातात पैशाची थैली आवळून धरलेली, आणि तोंडावर सावली. आता भिंतीवर सावली काढणं सोपं, गडद रंग लावला की झालं. पण काचेच्या मागून उजेड येतोय, तो अडवायचा म्हणजे काळपट रंगाचे थर वाढवायचे, आणि थर पक्के करायला काच पुन्हा भट्टीत घालायची. जितके जास्त फेरे तितकी तडकायची भीती जास्त. माझा अंदाज एवढाच आहे, पुरावा मागू नका.

म्हणून मला ही नुसती कॉपी वाटत नाही. भिंतीवरचं चित्र सकाळी आणि संध्याकाळी तेच असतं, इथे मात्र एखादा ढग आला तरी मांडलेलं पान मलूल होतं आणि ऊन आलं की येशूच्या मागचं आकाश पेटून उठतं, आणि चित्रकार कितीही मोठा असला तरी हे त्याच्या हातात नसतं. उलट तिथले मायकेलअँजेलोचे पुतळे आहेत ना, ‘मोझेस’, ‘पिएता’, ‘डेव्हिड’, ते इटलीतल्या करारा नावाच्या गावच्याच संगमरवरातले असले तरी मला ते थंड वाटतात, फोटोची झेरॉक्स काढावी तसे. डेव्हिड नग्न, म्हणून त्याला तर एके काळी अंजिराचं पान लावून ठेवलं होतं! आणि बिचाऱ्याला कॅलिफोर्निया काही मानवत नाही, १९७१ च्या भूकंपात पडला, नवा आणला तो १९९४ ला पडला, पुढचा २०२० मध्ये कोसळला, मग २०२१ मध्ये परत नवा उभा केला. सगळा भार घोट्यांवर, काय करणार. फ्लॉरेन्सच्या मूळ पुतळ्याच्या घोट्यांनाही बारीक चिरा आहेतच.

१९५ फूट लांबीचं चित्र खरंच आहे का, की छापण्यात चूक? (सांगली)

खरंच आहे, फॉरेस्ट लॉनमध्येच. १९५ फूट लांब, ४५ फूट उंच. यान स्टिका या पोलिश चित्रकाराने येशूला क्रुसावर चढवण्याच्या आधीचा क्षण काढलाय. १९०४ च्या सुमारास चित्र अमेरिकेत आलं ते तिथेच अडकलं, एवढं मोठं कॅनव्हास लावायला कुठे जागाच मिळेना, चित्रकाराला शेवटपर्यंत परत मिळालं नाही, आणि कित्येक वर्षांनी ते एका टेलिफोनच्या खांबाला गुंडाळलेल्या अवस्थेत सापडलं. ईटनने त्याच्यासाठी स्वतंत्र सभागृहच बांधलं, ते १९५१ मध्ये उघडलं. पडदा सरकत जातो आणि चित्र संपतच नाही. चित्र म्हणून थोर आहे का? माझ्या मते नाही. पण गर्दीतला एकेक चेहरा बघत बसलात तर अर्धा तास कसा जातो कळत नाही.

काचेत रंग कसा घालतात? वरून पेंट करतात का? आणि जुनी काच हळूहळू खाली वाहते म्हणून खालून जाड असते हे खरं का? माझ्या मुलाला शाळेत असंच शिकवलंय. (कोल्हापूर)

शेवटचं आधी: नाही. काच वाहत नाही, निदान आपल्या देवळा-चर्चच्या आयुष्याएवढ्या काळात तरी नाहीच. जुन्या पद्धतीत काच फुंकून, फिरवून, चपटी करून काढायचे, त्यामुळे तुकडा मुळातच एकीकडे जाड एकीकडे पातळ असायचा, आणि बसवणारा जाड बाजू बऱ्याचदा खाली ठेवायचा. शोधलंत तर उलटे बसवलेलेही सापडतात. शाळेत जाऊन भांडू नका, मुलाला सांगितलंत तरी पुरे.

आता रंग. मुख्य रंग काचेच्या रसातच असतो, म्हणजे काच वितळलेली असतानाच त्यात धातूंची ऑक्साइडं घालतात. कोबाल्टने निळा, लोखंडाने हिरवट, मँगनीजने जांभळा, तांब्याने लाल, आणि सोन्यानेसुद्धा लालगुलाबी होतो. लाल काच अख्खी लाल केली तर इतकी गडद होते की उजेडच येत नाही, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. मग कागदावर पूर्ण मापाचं ड्रॉइंग, त्याबरहुकूम तुकडे कापायचे. डोळे, नाक, कपड्याच्या चुण्या हे वरून रंगवतात, पण तो बाजारातला पेंट नव्हे, काचेची पूड आणि लोखंड किंवा तांब्याची ऑक्साइडं पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये घोटून केलेला काळपट लेप. तो सुकला की ब्रशने, काडीने खरवडून उजेड मोकळा करायचा, म्हणजे चित्रकार रंग लावतो कमी आणि काढतो जास्त! मग साधारण सहाशे-साडेसहाशे सेल्सिअसला भट्टीत. पिवळा मात्र मजेशीर, चांदीची संयुगं काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजली की काच पिवळी होते, युरोपात चौदाव्या शतकापासून हे करतात. संतांचे केस आणि डोक्यामागची वलयं बऱ्याचदा यातलीच.

नंतर शिशाच्या पट्ट्या. पट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, दोन्ही खाचांत दोन काचा बसतात, सांधे सोल्डर करतात, फटीत पुट्टी. शिसं मऊ असल्यामुळे शंभरेक वर्षांत थकतं, खिडकीला पोट सुटतं. तेव्हा सगळी खोलून पुन्हा शिशात भरावी लागते, काच तीच ठेवून.

परमहंस योगानंद यांची समाधी तिथेच आहे ना? (डोंबिवली)

हो. ७ मार्च १९५२ ला लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलमध्ये, भारताच्या राजदूतांच्या स्वागतसमारंभातच ते गेले. त्यांना याच ग्रेट मॉसोलियममध्ये ठेवलंय. भारतातून जाणारे पुष्कळ जण दर्शनाला जातात. पण एक लक्षात घ्या, मॉसोलियमचे बरेच भाग सगळ्यांना खुले नसतात, मायकेल जॅक्सन आहे तो भाग तर नाहीच. निघण्याआधी फोन करून विचारा, आणि तिथल्या माणसांशी हुज्जत घालू नका, तिथे खरोखर कुणाचे तरी अंत्यविधी चालू असतात.

अमेरिका आपल्याला काही जमणार नाही. मुंबईत असं काही? (वसई)

वसईकरांनी मुंबईत शोधावं? तुमच्या आजूबाजूची जुनी चर्च आधी नीट बघून घ्या. पण स्मारक आणि रंगीत काच हे एकत्र हवं असेल तर कुलाब्याचं अफगाण चर्च. १८३८ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी बांधलं, १८५८ मध्ये सुरू झालं. १९८ फुटी मनोरा नंतर झाला, तो जहाजांना लांबून दिसायचा. खिडक्यांच्या काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या. सकाळी जा, आणि खिडक्या बघून झाल्यावर भिंतीवरच्या पाट्याही वाचा. साम्राज्याच्या हौसेपायी कुठल्या कुठे जाऊन मेलेली पोरं आहेत ती, आणि वरून निळालाल उजेड पडतोय. ईटनला हसरा ख्रिस्त हवा होता, इथे हसण्यासारखं काही नाही, आणि मला हे जास्त पटतं.

धार्मिक नको असेल तर राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या खिडक्या आहेत. आणि शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीत उभे क्रॉस, झिजलेली अक्षरं, वाढलेलं गवत, म्हणजे फॉरेस्ट लॉनच्या अगदी उलट. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणारे स्टीव्हन्स तिथेच आहेत.

आमच्या फ्लॅटमध्ये देवघराच्या खिडकीला स्टेन्ड ग्लासमध्ये गणपती करून घ्यायचाय. इंटिरियरवाला म्हणतो फिल्म लावू, सेम दिसतं. (ठाणे)

सेम नाही दिसत. फिल्म म्हणजे छापील स्टिकर, उन्हाने काही वर्षांत फिका पडतो, कडा सुटतात. पण स्वस्त आहे आणि भाड्याचं घर असेल तर तेच बरं. खरं काम हवं असेल तर विचारा की रंग काचेतला आहे की वरून लावलेला, आणि भट्टीत भाजतात का. नुसतं ‘ग्लास पेंट’ म्हणाला तर समजा की ओल्या फडक्याने पुसता पुसता एक दिवस सोंड जाणार. चेहरा फार बारीक करू नका, लांबून शिशाच्या रेघाच दिसतात, म्हणून कान, सोंड, मुकुट असे मोठे तुकडे पाडायला सांगा. बाहेरून साधी काच असू दे, पावसाचा मारा तिच्यावर जाईल, मात्र दोन्हींच्या मध्ये हवा खेळायला फट ठेवायला सांगा नाहीतर आत पाणी साचून बुरशी धरते. आणि शिशाला हात लावला की नैवेद्याचं ताट उचलण्याआधी हात धुवायचे, घरात लहान मूल असेल तर खिडकी त्याच्या हाताला लागणार नाही इतकी वर घ्या.