बंदूक, कुलूप आणि आरोग्य

प्रश्न : अमेरिकेत बंदुकीच्या हिंसेला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न का म्हणतात? हे काम पोलिसांचं नाही का? आणि ज्यांच्या घरात बंदूक आहे त्यांनी काय करावं?

उत्तर : पोलीस लागतातच, पण आकडे पाहा. २०२१ साली तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यात २६,३२८ आत्महत्या होत्या. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात बंदूक हाती लागली नाही, तर जीव वाचू शकतो. म्हणून कुलपाला आम्ही उपचारच मानतो.

घरात बंदूक असेल तर आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढा. मग चेंबर, म्हणजे झाडायची गोळी जिथे बसते ती नळीमागची जागा, उघडून डोळ्यांनी तपासा. इथेच घात होतो : मॅगझिन निघालं की बंदूक रिकामी झाली असं वाटतं, पण एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असू शकते. बंदूक तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात. कपाटावर लपवून भागत नाही. मुलांना जागा बरोबर ठाऊक असते. घरात कुणी खचलेलं असेल तर तिजोरीचा कोड बदला. शक्यतो बंदूकच काही काळ घराबाहेर हलवा. तिचा ताबा दुसऱ्याकडे देण्याचे नियम राज्यागणिक बदलतात, आधी विचारून घ्या. ९८८ हा मदतीचा क्रमांक तिथे चोवीस तास चालू असतो.

कनेक्टिकटने १९९९ मध्येच कायदा केला : धोका दिसला तर न्यायालयाच्या आदेशाने बंदूक तात्पुरती काढून घेता येते. बंदुकीच्या हिंसेवरच्या संशोधनाची मात्र उपेक्षा झाली. १९९६ च्या डिकी दुरुस्तीने सरकारी आरोग्य निधीतून बंदूक-नियंत्रणाचा प्रचार करायला मनाई केली, आणि त्यानंतर या संशोधनाचा केंद्रीय निधी जवळजवळ आटला. २०२० च्या अर्थसंकल्पात अडीच कोटी डॉलर मिळाले, तेव्हा कुठे कामाला पुन्हा गती आली.