सराई तोंडावर असताना नव्या स्क्रीनची वाट पाहावी का?

निपाणीच्या वाचकांस, स. न. वि. वि.

आपल्या पत्राचा आशय इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपले लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि फोटो अल्बमच्या डिझाइनचे दुकान आहे. दुकानातला विंडोज संगणक २०१७ चा असून त्याला साडेअठरा इंची मॉनिटर आहे. अल्बमची पाने उघडली की तो अडकतो, म्हणून सराईत अल्बमचे काम आपण बेळगावला बाहेर देता आणि महिन्याला सुमारे सात हजारांचा नफा हातचा जातो. आपल्या मनात २४ इंची आयमॅक, म्हणजे स्क्रीन आणि संगणक एकत्र असलेले ॲपलचे यंत्र, आहे. मात्र पुण्याचे मेहुणे म्हणतात की या लहान आयमॅकला लवकरच याहून जास्त रेझोल्यूशनची, म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांची, स्क्रीन येणार आहे, तेव्हा थांबा. सौहार्द सहकारी सोसायटीत नऊ टक्के दराची दीड लाखाची ठेव आहे, तिची मुदत मार्चअखेर संपते. बँकेत ४० हजार आहेत आणि घरखर्च व घराचा हप्ता जाऊन महिन्याला १२ हजार उरतात. संगणकाचा दुकानदार बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते देऊ करतो आहे.

माझे मत असे की आपण थांबू नये आणि आयमॅकही घेऊ नये. मॉनिटर वेगळा व संगणक वेगळा, असे दोन्ही मिळून ९० हजारांच्या आत या महिन्यातच घ्यावे.

मेहुण्यांचा तर्क अगदीच निराधार नाही, कारण मोठ्या मॉडेलला आधी जास्त रेझोल्यूशनची स्क्रीन मिळते आणि पुढे लहान मॉडेलचीही सुधारते, असे पूर्वी घडले आहे. २७ इंची आयमॅकला ५के (आडव्या रांगेत सुमारे पाच हजार ठिपक्यांची) स्क्रीन ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळाली आणि साडेएकवीस इंचीला ४के स्क्रीन बरोबर वर्षाने, ऑक्टोबर २०१५ मध्ये. पण त्यानंतरची मोठी सुधारणा, म्हणजे २४ इंची आणि साडेचार के स्क्रीन, यायला २०२१ उजाडले, आणि २०२३ व २०२४ च्या आवृत्त्यांतही रेझोल्यूशन ४४८० बाय २५२० इतकेच राहिले. एकदा वर्ष, एकदा साडेपाच वर्षे, आणि पुढच्या दोन आवृत्त्यांत काहीच नाही, अशा चालीवर धंद्याचे वेळापत्रक बांधता येत नाही. शिवाय २०१५ च्या त्या पहिल्या ४के मॉडेलच्या मूळ किमतीत मिनिटाला ५४०० फेरे घेणारी संथ हार्ड डिस्कच दिलेली होती. स्क्रीन नवी आली म्हणजे काम वेगाने होईलच असे नाही, आणि आपली अडचण तर मुख्यतः वेगाची आहे.

ही अडचण जरा नीट पाहू. आपण १२ बाय ३६ इंचाची अल्बमची जोडपाने करता. छपाईच्या ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, अशा एका जोडपानात ३६०० बाय १०,८०० म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके) होतात. ४के मॉनिटर एका वेळी सुमारे ८३ लाख पिक्सेल दाखवतो आणि ५के सुमारे १ कोटी ४७ लाख. म्हणजे यांपैकी कोणत्याही स्क्रीनवर पूर्ण पान खऱ्या तपशिलासह एका दृष्टिक्षेपात मावत नाही. झूम करावेच लागते. याउलट त्या पानाचा प्रत्येक पूर्ण थर मेमरीत सुमारे ११७ एमबी जागा घेतो, आणि वधूवरांचे फोटो, सावल्या, फुलांची चौकट असे दहा-बारा थर चढले की संगणक कशाने अडकतो हे वेगळे सांगायला नको. म्हणून ३२ जीबी रॅम (हीच ती मेमरी) आणि एसएसडी (वेगवान डिस्क) यांवर हात आखडू नये. आयमॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, ही बाबही इथे महत्त्वाची ठरते.

चांगल्या स्क्रीनचा आपल्याला उपयोग नाही, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. आपल्याकडे एकाच पत्रिकेत मराठी आणि कन्नड मजकूर असतो. आपल्या सध्याच्या मॉनिटरवर १० पॉइंटच्या अक्षराला जेमतेम १२ पिक्सेल उंची मिळते. तेवढ्यात ‘चिरंजीव’वरचा अनुस्वार आणि ‘आशीर्वाद’मधला रफार धड दिसत नाहीत, आणि कन्नड अक्षराखालचे जोडाक्षर तर ठिपक्यासारखे होते. २७ इंची ४के मॉनिटरवर त्याच अक्षराला २२ ते २३ पिक्सेल मिळतात. छापून आलेल्या दोनशे पत्रिका एका चुकीपायी रद्दीत जाण्याचा धोका यामुळे खरोखर कमी होतो. असा मॉनिटर साधारण २५ ते ३० हजारांत मिळतो. घेताना संगणकाला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट ही मॉनिटरची जोडणी आहे याची खात्री करावी, कारण जुन्या एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलते आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा वाटतो.

मॉनिटर आठ-दहा वर्षे टिकतो, संगणक मात्र चार-पाच वर्षांत मागे पडतो. आयमॅकमध्ये हे दोन्ही एकत्र बांधलेले असून त्याची स्क्रीन नंतर तारेने दुसऱ्या संगणकाला जोडता येत नाही. वेगळे घेतले तर उद्या मेहुण्यांची स्क्रीन खरोखरच आली, तरी आपल्याला केवळ मॉनिटर बदलावा लागेल. २०२४ साली ५९,९०० रुपयांना आलेला मॅक मिनी मर्यादेत बसतो, पण आपल्या देवनागरी व कन्नड टंकांचे (फॉन्टचे) डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची परवान्याची चावी, विंडोजवर चालते आणि जुन्या फाइली त्याच टंकांत आहेत, म्हणून तेवढ्याच रकमेचा लहान विंडोज डेस्कटॉप आपल्याला सोयीचा.

आता पैशांकडे वळतो. २०२४ च्या आयमॅकची भारतातली किंमत १,३४,९०० रुपयांपासून सुरू झाली. त्याचा बारा महिन्यांचा हप्ता ११,२४२ रुपये होतो आणि आपली महिन्याची शिल्लक १२ हजार आहे. घरात एखादे आजारपण निघाले तर त्या महिन्याचा हप्ता कशातून भरणार? ‘बिनव्याजी’ हा शब्दही तपासून घ्यावा. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याज कंपनी सूट म्हणून भरते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच खात्यातून जातो. १६ टक्के दर धरला तर व्याज सुमारे ११ हजार आणि त्यावरचा कर जवळजवळ दोन हजार होतो. प्रक्रिया शुल्क निराळे, आणि रोखीने मिळू शकणारी सूटही गेली.

त्याऐवजी सोसायटीतून ९० हजारांचे ठेवतारण कर्ज घ्यावे. ठेवीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे ११ टक्के धरले, तर मार्चअखेरपर्यंत चार महिन्यांचे व्याज ३,३०० रुपये होते. त्याच काळात तेवढ्याच रकमेवर ठेवीचे २,७०० रुपये मिळत राहतात, म्हणजे निव्वळ खर्च ६०० रुपये. मुदतपूर्व ठेव मोडली तर व्याजदरात कपात होते, शिवाय बँकेतल्या ४० हजारांना हात लावावा असे मला वाटत नाही. उलट मेपर्यंत थांबलात, तर महिन्याला सात हजारांप्रमाणे सहा महिन्यांत ४२ हजार जातात. नवे मॉडेल आल्यावर जुन्यावर मिळणारी सूट एवढी मोठी नसते.

करांविषयी थोडेच सांगायचे आहे. आपली वार्षिक उलाढाल नऊ लाख असून जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे बिलातला १८ टक्के कर परत मिळणार नाही. दुकानदाराने काहीही सांगितले तरी तो खर्चच समजावा. आयकर विवरण आपण अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत भरता, तिथे संगणकाचा घसारा वेगळा मागता येत नाही.

मार्चअखेर ठेवीतून कर्ज वळते करून घेतल्यावर सुमारे ६० हजार आणि व्याज आपल्या हाती उरेल. ती रक्कम पुन्हा सोसायटीत न ठेवता बँकेत ठेवावी. सहकारी बँकांसह बँकांतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. सौहार्द सोसायटीतील ठेवींना ते नाही. व्याज दोन टक्क्यांनी कमी धरले, तर वर्षाला १,२०० रुपयांचा फरक पडेल, आणि आपली एकूण पुंजी पाहता तो सोसावा असे माझे मत आहे.