घरी मिक्स केलेल्या गाण्यावर पाच जणांची पाच मतं आली, तर ऐकायचं कुणाचं?

तुम्ही विचारलंय की बँडचं पहिलं गाणं स्वतःच मिक्स केलं (म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि गळा यांचे आवाज जुळवून एक गाणं केलं), पाच जणांना पाठवलं. एक म्हणतो बेस फार झालाय, दुसरा म्हणतो बेस आहे कुठे, तिसऱ्याला गाणाऱ्याचे शब्द कळत नाहीत, उरलेले दोघं ‘भारी’ म्हणून मोकळे. आता कुणाचं ऐकायचं? आणि उद्या एखाद्या मित्रानं त्याचं मिक्स पाठवलं तर त्याला न दुखावता खरं कसं सांगायचं?

मी यातलं रीतसर काही शिकलेलो नाही. इंदूरला राहतो, दिवसा हिशेब तपासतो आणि रात्री गच्चीवरच्या खोलीत ओळखीच्या दोन-तीन बँडांची गाणी मिक्स करतो. पैसे मिळत नाहीत, कचोरी मिळते. तेव्हा हे हौशी माणसानं हौशी माणसाला दिलेलं उत्तर समजा.

माझा अनुभव असा की मत खरं की खोटं हे ठरवण्याआधी ते कुठून आलंय ते विचारावं. कशावर ऐकलं, केवढ्या आवाजात, कितव्यांदा, आणि हा माणूस एरवी काय ऐकतो. एवढं कळलं की एकमेकांविरुद्ध वाटणारी मतं बहुतेक वेळा दोन्ही खरी निघतात.

माझंच सांगतो. आमच्या बँडचं एक गाणं ए सुरात होतं. माझी खोली दहा बाय दहा फुटांची, आणि टेबल अगदी मधोमध, कारण एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तिथपर्यंतच पुरायची. तिथं बसून मला बेस सारखा दुबळा वाटायचा, म्हणून मी तो वाढवत गेलो. मग एका रात्री मित्राच्या गाडीतून सराफ्याला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, निघालो आणि हौसेनं गाणं लावलं. गाडीची दारं थरथरायला लागली. मित्र म्हणाला, “अरे, हे गाणं आहे की बोअरिंगचं मशीन?” मला राग आला. त्याच्या गाडीचा स्पीकरच भिकार, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

त्याच आठवड्यात मावसभावानं फोनवर ऐकून कळवलं, “सगळं छान आहे, पण बेस वाजवलाच नाही का?”

आता गंमत बघा. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा (सेकंदाला ५६ कंपनांचा) खालचा सूर अडकतो. भिंतीपाशी तो फुगतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. बेस गिटारची मोकळी ए तार वाजते ५५ हर्ट्झला. माझी खोली चौकोनी, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हीकडून तोच खड्डा, आणि त्या खड्ड्यात खुर्ची टाकून मी बसलेला! गाण्याचा मुख्य सूरच मला ऐकू येत नव्हता. (इंदूरच्या माणसाला छप्पन म्हटलं की ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीतली पोहे-जिलबीची दुकानं आठवतात, मला आता भिंती आठवतात.) गाडीची गोष्ट उलटी. बंद गाडीत खालचे सूर आपोआप चढतात, त्यात मी ढीगभर बेस ओतलेला. मित्राचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

मावसभाऊही बरोबरच होता. फोनचा चिमुकला स्पीकर शे-दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच देत नाही. तिथं बेस भासतो तो त्याच्या वरच्या पटींमधल्या सुरांमुळे, आणि माझा बेस इतका गुळगुळीत होता की ते वरचे सूर त्यात नव्हतेच. शेवटी मी टेबल सरकवलं आणि समोरच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर बसायला लागलो. बेसचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) चांगला चार डेसिबलनं खाली आणला आणि बेसला थोडं डिस्टॉर्शन, म्हणजे वरचे सूर वाढवणारी खरखर, दिलं. दारं थरथरायची थांबली आणि फोनवर बेस सापडला. दोघांपैकी एकाचंच ऐकलं असतं तर दुसऱ्याचं नुकसान नक्की होतं.

आईनं स्वयंपाकघरातल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकलं. तिचा पहिला प्रश्न, “यात तुझी गिटार कुठंय रे?” हेडफोनवर तीच गिटार डोंगराएवढी होती. झालं असं होतं की गिटारचा एकच ट्रॅक मी आवाज रुंद करणाऱ्या एका प्लगइनमधून (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममधून) काढला होता आणि त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं. अशी प्लगइनं डावी-उजवीत उलटसुलट फरक करून रुंदीचा भास देतात. आईच्या स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र होतात, मग उलट भाग एकमेकांना खाऊन टाकतो. ते प्लगइन काढलं, गिटार दुसऱ्यांदा खरोखर वाजवून रेकॉर्ड केली, एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवली. आईला मोनो-स्टिरिओ हे शब्द माहीत नाहीत, पण तिनं जे पकडलं ते त्या आठवड्यात दुसऱ्या कुणीही पकडलं नव्हतं.

तिचं दुसरं मत मात्र मी लगेच घेतलं नाही. “पोरगा पडद्यामागून गातोय असं वाटतं,” म्हणाली. आता ज्या गावात १९२९ साली लताबाई जन्मल्या त्या गावातली, आणि जन्मभर हिंदी सिनेगीतं ऐकलेली बाई. त्या गाण्यांत गळा सगळ्यांच्या पुढे असतो, वाद्यं मागे अदबीनं उभी. रॉकमध्ये गाणारा गिटारींच्या गर्दीतच उभा असतो, आणि तसाच हवा. म्हणून तिच्या मताला मी आठ आणे वजन दिलं. पण मग रॉकशिवाय काही न ऐकणाऱ्या दोघांनी, न विचारता, दुसऱ्या कडव्याकडेच बोट दाखवलं. वेगवेगळ्या सवयीचे तीन कान एकाच जागी अडखळले तर तिथं खडा आहे हे नक्की. गळ्याचा फेडर मी वाढवला नाही. गिटारींमध्ये अडीच हजार हर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल कापले आणि शब्द मोकळे झाले. आपला कान त्याच भागात सगळ्यात तिखट असतो, आणि गिटारीचा करकराटही तिथंच येऊन बसतो.

आवाज किती मोठा ठेवून ऐकलं हेही विचारा म्हणतो ते उगाच नाही. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की आवाज लहान असला की कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात ऐकणारा ‘बेस कमी’ म्हणणारच. शिवाय जे थोडं मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. तुमचं जुनं आणि नवं मिक्स शेजारी ठेवून विचारणार असाल तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. एखाद्या नावाजलेल्या बँडच्या गाण्याशी तुलना करताना तर करायलाच हवा, कारण ते मास्टर झालेलं असतं, म्हणजे मिक्सनंतरचा शेवटचा हात फिरवून आवाज चढवलेलं असतं, आणि आपल्यापेक्षा बरंच मोठं वाजतं. त्याचा आवाज खाली आणला की निम्मं वैषम्य तिथंच गळून पडतं.

आणि पंखा! मे महिन्यात पंखा बंद करून बसणं ही शिक्षा आहे, मान्य. पण चालू पंख्याखाली रिव्हर्बची (गाण्याला दिलेल्या घुमाऱ्याची) शेपटी ऐकू येत नाही, आपण ती वाढवतो, आणि डिसेंबरात तेच गाणं विहिरीत गायल्यासारखं वाटतं.

बँडमधल्यांची मतं घ्या, पण जपून. प्रत्येक जण आपलंच वाद्य ऐकत असतो. आमच्या ड्रमरला आजवर एकही स्नेअर (ड्रमसेटमधला कडकडणारा ड्रम) पुरेसा मोठा वाटलेला नाही. हे मोठ्यांच्या घरीही चालतं. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बममध्ये बेस जवळजवळ ऐकू येत नाही, आणि तो खाली करायला बँडकडूनच सांगितलं होतं असं मिक्स करणाऱ्यांनी पुढे सांगितलंय.

आता मत देण्याबद्दल. इथं मी स्वतः माती खाल्लीय. एका कॉलेजातल्या पोरानं त्याचं मिक्स पाठवलं होतं. मी विद्वत्ता पाजळत चौदा मुद्दे लिहिले: इथं तीनशे हर्ट्झ काप, तिथं कॉम्प्रेसर चारास एक कर, वगैरे. पोरगा गुणी, त्यानं चौदाच्या चौदा केले. परत आलं ते गाणं म्हणजे फुळकवणी. आधीच्या मिक्समध्ये चुका होत्या पण जोर होता. माझ्या उपायांनी दोन्ही गेले. माझी खोली, माझे हेडफोन आणि माझी आवड त्याच्या गाण्यावर लादून मी मोकळा झालो होतो.

तेव्हापासून मी आधी विचारतो की हे कशासारखं वाजावं असं तुझ्या मनात आहे. मग जे ऐकू आलं ते, नेमक्या जागेसकट आणि कशावर ऐकलं ते धरून लिहितो. नमुन्यादाखल परवाच लिहिलेला निरोप: “हेडफोनवर दोनदा, मग गाडीत एकदा ऐकलं. १:१२ ला कोरस सुरू होतो तिथं गाणं मोठं होईल असं वाटतं आणि उलट आक्रसतं. किक ड्रम गिटारीत बुडतोय का बघ. २:४० नंतर सिंबल कानाला टोचतात, गाडीत जास्तच. कडव्यातली बेसची चाल झकास, तिला हात लावू नकोस.” बस. दोन दुखणी पुष्कळ झाली, आणि काय बिघडवायचं नाही हे सांगणं तितकंच कामाचं, नाहीतर माणूस दुरुस्तीच्या भरात तेच आधी मोडतो. बटणांचे आकडे तो विचारेल तेव्हा.

एक गोष्ट मात्र आडपडदा न ठेवता आणि सगळ्यात आधी सांगावी: वाजवण्यातच चूक असेल तर. गिटार बेसूर लागलेली किंवा ड्रम पळत असेल तर ईक्यू (सूर कापायची-वाढवायची बटणं) फिरवून काही होत नाही. मी लिहितो, “दुसरी गिटार पुन्हा सुरात लावून एकदा वाजव, अर्ध्या तासाचं काम आहे.” पोराला वाईट वाटतं, पण पंधरा दिवस मिक्सशी झुंजून कळण्यापेक्षा ते बरं.

इंदुरात ‘भिया, एक नंबर!’ हे उत्तर सगळ्यात जास्त मिळतं. तुमचे ‘भारी’वाले दोघं त्यातलेच. त्यांना सोडून देऊ नका, फक्त प्रश्न बदला. कसं वाटलं असं विचारलं की भारीच येणार. ‘ऐकताना लक्ष कुठं उडालं?’ असं विचारून बघा. आणि उत्तर आलं की खुलासा करू नका. ‘तिथं मुद्दाम तसं ठेवलंय’ म्हटलं की माणूस पुढचं सांगत नाही. लिहून घ्या, दोन दिवस काही बदलू नका, मग पाचही जणांच्या जागा एका कागदावर मांडा.

तुमच्या बेसचा निकाल मी इथून लावू शकत नाही, पण पैज लावायची तर ‘फार झालाय’ म्हणणारा गाडीत किंवा मोठ्या स्पीकरवर ऐकत होता आणि ‘कुठे आहे’ म्हणणारा फोनवर. आजच विचारून घ्या. फोनवाल्याला पुढच्या वेळी बेसच्या जोराबद्दल विचारू नका, बेस ऐकू येतो का आणि शब्द कळतात का तेवढं विचारा.