‘मला आता असलं काही शोभत नाही’ म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी

समुपदेशनाला कुणीही बाई आतल्या कपड्यांबद्दल बोलायला म्हणून येत नाही. येतात त्या चिडचिड होते म्हणून, झोप लागत नाही म्हणून, नवऱ्याशी बोलणं तुटलंय म्हणून, आणि मग बऱ्याच उशिरा, पर्स उचलून निघायच्या बेतात असताना हळूच म्हणतात, मॅडम, मला ना आता काही शोभतच नाही. काही म्हणजे काय, असं विचारलं की साडी, ड्रेस, जीन्स असं करत करत विषय ब्रापाशी येतो आणि तिथे आवाज एकदम बारीक होतो. हा प्रश्न इतक्या जणी इतक्या वेगवेगळ्या शब्दांत विचारतात की एका केसबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं, तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. नाव नको, आपण तिला नाशिकची ताई म्हणू.

चाळिशी नुकतीच ओलांडलेली, दोन मुलं, दुसरं सिझेरियन. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने ऑनलाईन एक सेट मागवला, मरून रंगाचा, लेसचा, पॅडेड ब्रा आणि त्याच्यासोबत एकदम लो वेस्ट पँटी. तिने बाथरूममध्ये घालून बघितला तर छाती ब्राच्या वरून आणि काखेकडून भसकन बाहेर, पँटीचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांच्या व्रणावर, आणि वर त्या ट्यूबलाईटचा उजेड. तिने सगळं होतं तसं पाकिटात घातलं आणि बाहेर येऊन म्हणाली, रंग नाही आवडला. तो बरं म्हणाला. झालं, एवढंच संभाषण. पण त्या दिवसापासून खोलीतला दिवा बंद झाला, मग मुलीची परीक्षा आहे म्हणून ही मुलीच्या खोलीत झोपायला लागली, परीक्षा संपली तरी तिथेच. तिच्या डोक्यात एकच, ह्यांना लग्नातली मी पाहिजे आणि ती काही आता मिळायची नाही.

आता यात मनाचा भाग आहेच, मोठा आहे, नाही कसा. पण माझं स्पष्ट मत आहे की जो भाग मापाच्या टेपने दहा मिनिटांत सुटू शकतो तो आधी सोडवून टाकावा, उगाच त्याच्यावर महिनोन्‌महिने आत्मविश्वासाची चर्चा करत बसू नये. म्हणून मी तिला विचारलं, तुम्ही माप शेवटचं कधी घेतलं होतं? ती हसली. माप? दुकानदार काका बघूनच सांगतात की.

आणि हे खरंच आहे. आपल्याकडे अजूनही कितीतरी जणी अशाच घेतात, काउंटरच्या पलीकडे पुरुष, अलीकडे आपण, आजूबाजूला गर्दी, आपण खालच्या मानेने चौतीस द्या म्हणायचं, त्याने खोका काढायचा, कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत टाकायचं, सुटलो बाबा. घालून बघायचा प्रश्नच नाही. पुढे घट्ट व्हायला लागली की छत्तीस, मग अडतीस. नंबर वाढत जातो, म्हणजे पट्टीची लांबी, पण कपाचं माप सांगणाऱ्या ए-बी-सी-डी या अक्षराकडे कुणी बघतच नाही. त्यात छोट्या दुकानांत माल बघावा तर बहुतेक बी कपचा, म्हणजे अक्षर बदलायचं म्हटलं तरी कशातून बदलणार.

ताई अडतीस बी वापरत होती. मी विचारत गेले आणि ती हो हो म्हणत गेली. पाठीमागची पट्टी वर चढते का? हो. खांद्याचे पट्टे पूर्ण आवळून ठेवलेत का? हो. खांद्यावर खाचा? हो, आणि संध्याकाळी मान दुखते ते वेगळंच. हात वर केला की खालून ब्रा उचलली जाते? हो. हे सगळं पट्टी सैल असल्याचं लक्षण आहे. ब्राचा भार मुख्यतः छातीखालच्या पट्टीने पेलायचा असतो, खांद्याचे पट्टे फक्त मदतीला. पट्टी सैल पडली की सगळं ओझं खांद्यावर येतं आणि छाती उतरलेली दिसते, मग बाई आरशात बघून म्हणते मी बेढब झाले.

मी तिला घरी जाऊन माप घ्यायला सांगितलं. पॅड नसलेली साधी ब्रा घालून, आरशासमोर, टेप पाठीमागे खाली घसरू न देता सरळ धरून. आधी छातीच्या बरोबर खाली, श्वास सोडून, टेप अंगाला घट्ट लागेल असं. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावर, तिथे मात्र टेप सैलसर, दाबायची नाही. खालचं माप आलं तो तुमचा नंबर, विषम आकडा आला तर शेजारचे दोन्ही सम नंबर घालून बघायचे. वरचं आणि खालचं यातला फरक म्हणजे कप, एक इंच असेल तर ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. काही जुन्या चार्टमध्ये खालच्या मापात आणखी चार-पाच इंच मिळवायला सांगतात, त्या नादी लागू नका, पट्टी सैल व्हायची सुरुवात तिथूनच होते. अर्थात हे माप म्हणजे सुरुवात फक्त, कंपनी बदलली की थोडं इकडे-तिकडे होतंच.

ताईचं खाली आलं चौतीस, वर अडतीस. म्हणजे चौतीस डी. तिने मला फोन केला तो घाबरूनच, मॅडम डी म्हणजे खूप मोठं ना हो? तर नाही. नुसत्या अक्षराला अर्थ नसतो, ते नंबरासोबत वाचायचं. चौतीस डी, छत्तीस सी आणि अडतीस बी यांच्या कपात जागा साधारण सारखीच, फरक फक्त पट्टीच्या लांबीचा. म्हणजे तिचा कप इतकी वर्षं बरोबरच होता, पट्टी तेवढी चार इंच जास्त. आणि गंमत बघा, नवऱ्याने आणलेली होती चौतीस बी, म्हणजे त्याचा नंबर बरोबर होता आणि कप दोन साईज लहान! ज्या ब्रामुळे ही बाई स्वतःला जाड समजून मुलीच्या खोलीत जाऊन झोपली तिच्यात चुकलं होतं ते एक अक्षर.

मग ती मुलीला घेऊन, हो मुलीलाच घेऊन, ट्रायल रूम असलेल्या दुकानात गेली. मी सांगून ठेवलं होतं की नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक पुढे सैल होणारच, तेव्हा आतले हुक कामाला येतात. पट्टीखाली दोन बोटं जावीत, मूठ नाही. मधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला हवा. घातल्यावर थोडं पुढे वाकून बाजूचं सगळं हाताने कपात आणायचं, हे बहुतेक जणी करतच नाहीत आणि मग काखेत वळी येते म्हणून रडतात. तिने दोन घेतल्या, एक रोजची फुल कप कॉटनची, बाजूने आधार असलेली, आणि एक लेसची, तिच्या आवडीच्या बाटलीहिरव्या रंगात. पँटी हाय वेस्ट घेतली, इलॅस्टिक व्रणाच्या बरंच वर येईल अशी, रुंद आणि मऊ.

बाकीच्यांनी लगेच विचारू नका की माझी बॉडी पेअर की अ‍ॅपल. ती फळांची यादी मला फारशी पटत नाही, एकाच बाईत दोन फळं निघतात. त्यापेक्षा आपल्याला टोचतं कुठे, सुटतं कुठे आणि आपल्याला दाखवायला काय आवडतं ते बघा. मांड्या आणि नितंब भरलेले असतील तर पायाशी बारीक इलॅस्टिक असलेली पँटी रुतते, पायाकडे उंच कापलेली किंवा बिनशिवणीची बरी पडते. पोट सुटलेलं असेल तर दिवसभर शेपवेअरमध्ये कोंबून घेऊ नका, त्याने श्वासही नीट घेता येत नाही आणि जेवलं की अ‍ॅसिडिटी, त्यापेक्षा छातीखालून सैल उतरणारा बेबीडॉल किंवा स्लिप फार छान दिसते. छाती लहान असेल तर जाडजूड पॅडची सक्ती नाही, पातळ ब्रालेट (बिनवायरची हलकी ब्रा) किंवा प्लंज (मध्ये खोल गळ्याची) घालून बघा. बाळाला पाजल्यानंतर वरचा भाग रिकामा वाटत असेल तर फुल कप तिथे सुरकुततो, अर्धा कप किंवा बाल्कनेट, म्हणजे वरून आडवा सरळ कापलेला कप, बसतो. खांदे उतरते असतील आणि पट्टे सारखे घसरत असतील तर रेसरबॅक, म्हणजे पट्टे पाठीवर मध्ये जवळ येणारी. एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणं अगदी कॉमन आहे, मोठ्या बाजूच्या मापाने घ्यायची, दुसरीकडे काढता येणारं पॅड. आणि पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी नाही हो, आपल्या कातडीच्या रंगाची.

साडीवाल्यांसाठी एक खास सूचना. ब्लाऊजचं माप द्यायला जाताना जी ब्रा त्या ब्लाऊजखाली घालणार तीच घालून जा. कटोरी ब्लाऊज असेल तर टेलर कटोरीचं टोक जिथे धरतो ती जागा ब्रा बदलली की बदलते. ताईचे सगळे जुने ब्लाऊज नवीन ब्रावर विचित्र बसायला लागले, काही उसवून घ्यावे लागले, त्याची कटकट झालीच.

नवऱ्यालाही मी एकदा बोलावून घेतलं, आधी एकट्याला. तो म्हणाला, लग्नानंतर मेनरोडवरून खरेदी केली होती तेव्हा ती दुकानात चौतीस म्हणाली होती ते माझ्या लक्षात होतं. मला खरं सांगायचं तर हे ऐकून त्याच्याबद्दल बरं वाटलं. पण पुढे तो म्हणाला, तिने रंग आवडला नाही म्हटलं आणि मग खोलीच बदलली, मला वाटलं मी काहीतरी घाण केलं, या वयात असलं आणायला नको होतं. म्हणजे इकडे ही समजतेय की मी आवडत नाही आणि तिकडे तो समजतोय की माझा स्पर्शच नको झालाय. दोघांना एकत्र बसवून ही दोन वाक्यं एकमेकांसमोर बोलायला लावली, त्याला टेपपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. दिव्याचा आणि खोलीचा प्रश्न मी त्यांच्यावर सोडला, तिने दिवा कधी लावायचा ते तिने ठरवायचं, घाई कुणाचीच नको.

तिची जाऊ मध्येच एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड घेऊन आली होती की वायरच्या ब्राने कॅन्सर होतो. होत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन संस्थेने दीड हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास करून २०१४ साली प्रसिद्ध केला, त्यात वायर, कप साईज, रोज किती तास घालता, कशाचाच स्तनाच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही. वायर टोचत असेल तर साईज चुकलीय एवढाच त्याचा अर्थ. पण गाठ लागली, एका बाजूचा आकार अचानक बदलला, कातडी आत ओढल्यासारखी दिसली किंवा निपलमधून पाणी-रक्त आलं तर ब्रा बदलत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. छातीखाली घामाने लाल होऊन खाज येत असेल तर स्किनवाल्यांना दाखवा, आणि कृपा करून ब्रा टॉवेलखाली लपवून वाळवू नका, दमट राहते आणि बुरशीला आयतंच फावतं.

काही जणींची मापं घेऊन, बदलून, सगळं करूनही आरशाची भीती जात नाही. दिवसातले तास आरशात दोष शोधण्यात जातात, किंवा लोक बघतील म्हणून लग्नकार्य टाळलं जातं, जेवण तोडलं जातं. तिथे माझ्यासारख्या समुपदेशकाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही लागतात, उशीर करू नका.

ताई अजून येते माझ्याकडे, पण आता विषय सासूबाईंचा आहे. वजन मात्र तिने एक किलोसुद्धा कमी केलेलं नाही. तुम्ही घेणार असाल तर आधी एकच घ्या, अर्धा दिवस घरात घालून वावरा, भांडी घासा, जिना चढा, बसली नीट तर मग आणखी घ्या. ऑनलाईन मागवत असाल तर परत घेतात का ते आधी वाचा, आतले कपडे बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत. आणि वजन पाच-सात किलोने बदललं, बाळंतपण झालं किंवा पाळी जायला लागली की माप पुन्हा घ्या.