हॅकॅथॉनला जाऊ का नको?

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की घरी बसून कोडिंगचे व्हिडिओ बघण्यापेक्षा एखाद्या शनिवारी मीटअपला, म्हणजे त्याच आवडीच्या लोकांच्या भेटीला जा. त्यावर मीटअप आणि हॅकॅथॉनबद्दल (टीम करून एक-दोन दिवस सलग बसून काहीतरी चालणारं बनवायचा कार्यक्रम) एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सदर त्यातच संपणार. काही प्रश्न मी थोडे कापलेत, राग मानू नका.

मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. कॉलेजमध्ये स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनसाठी टीम बनवणं चालू आहे. मला सी आणि थोडं एचटीएमएल येतं, बास. पाच पोरांची टीम झालीय आणि ते मला सरळ म्हणाले की एक मुलगी कंपल्सरी आहे म्हणून तुला घेतोय, तू पीपीटी बघ. जाऊ का? (सोलापूर)

जा. पण पीपीटी बघायला नको जाऊस.

नियम खरा आहे, सहा जणांची टीम आणि त्यात किमान एक मुलगी लागतेच, आणि म्हणूनच दर वर्षी कितीतरी मुली 'नियमापुरत्या' घेतल्या जातात आणि दीड दिवस स्लाइडचे रंग बदलत बसतात. तू आधीच सांगून टाक की मला एक तुकडा द्या, छोटा चालेल पण माझा. लॉगिनचं पान, नाहीतर फॉर्म, नाहीतर आलेला डेटा टेबलमध्ये दाखवणं. सी येतंय म्हणजे लूप आणि कंडिशन कळतात, तेवढ्यावर तीन आठवड्यांत एक फॉर्म चालवता येतो. नाही म्हणाले तर तूच पाच जणींची टीम जमव आणि सहावा एक मुलगा घ्या, तसं करायला नियमाची काही आडकाठी नाही :)

ही स्पर्धा 2017 पासून चालू आहे. वेगवेगळी मंत्रालयं, सरकारी खाती आपापले प्रॉब्लेम स्टेटमेंट, म्हणजे सोडवायचे प्रश्न, देतात, आधी कॉलेजात इंटर्नल राउंड होतो, त्यातून निवडलेल्या टीमची नावं कॉलेज पुढे पाठवतं, मग फायनल, आणि सॉफ्टवेअरवाल्यांची फायनल म्हणजे सलग 36 तास. आता बहुतेक टीमचं चुकतं ते इंटर्नललाच, कारण सगळ्यांना ब्लॉकचेन आणि एआय घालायचं असतं आणि परीक्षक फक्त एवढंच विचारतात की हे वापरणार कोण, आणि तिथे सगळे एकमेकांकडे बघतात.

तू सोलापूरची आहेस ना, कांद्याचं एवढं मोठं मार्केट यार्ड तुझ्या गावात. समजा शेतमालाचा प्रॉब्लेम निवडलात तर एक दिवस सकाळी लवकर तिथे जाऊन उभी राहा. लिलाव कसा होतो, हिशेबाची पट्टी कोण लिहितं, कशावर लिहितं, आडत्याच्या हातात मोबाइल असतो तेव्हा दुसऱ्या हातात काय असतं, एवढं बघून ये. दोन तास लागतील. टीममधल्या कोणाकडेही नसेल असं काहीतरी तुझ्याकडे असेल आणि मग 'वापरणार कोण' चं उत्तर तूच देशील, पीपीटीवाली म्हणून नव्हे.

अजून एक, गिट (कोडमध्ये कोणी कधी काय बदललं ते जपून ठेवणारं साधन) आधी शिकून घे. आमच्या टीममध्ये एकदा पहाटे चार वाजता झोपेत असलेल्या एका हुशार मित्राने फोर्स पुश मारला, म्हणजे सर्व्हरवरचं पुसून स्वतःचं चढवलं, आणि बाकी तिघांचं रात्रभराचं काम सर्व्हरवरून गायब. पाच मिनिटं कोणीच कोणाशी बोललं नाही. मग आठवलं की एकीने झोपायला जायच्या आधी सगळं आपल्या लॅपटॉपवर ओढून घेतलं होतं, तिला उठवलं आणि वाचलो. तो हुशार मित्र म्हणजे मी.

माझा मुलगा 19 वर्षांचा आहे, पुण्याला रात्रभराच्या हॅकॅथॉनला जायचं म्हणतो. रात्रभर ही मुलं नक्की करतात काय? आणि त्यातून निघतं काय? मिस्टर म्हणतात नुसता टाइमपास आहे. (नाशिक)

ताई, खरं सांगू का, रात्री बारापर्यंत जोरात काम चालतं, बारा ते तीन मॅगी आणि भांडणं, तीन ते सहा अर्धे लोक खुर्चीत वाकडे होऊन झोपलेले, आणि सकाळी सातला एकदम सगळ्यांना आठवतं की अकराला डेमो आहे. त्यामुळे त्याला सांगा की तीन-चार तास झोप काढच, न झोपता लिहिलेला कोड सकाळी स्वतःलाच वाचता येत नाही. आणि एक चादर द्या बरोबर. हॉलमधला एसी रात्री फार बोचतो आणि तो बंद करायचा रिमोट कोणाकडे असतो ते आजवर मला कळलेलं नाही.

पाठवायच्या आधी जागा कोणती, बरोबर शिक्षक कोण आहेत, आराम करायला खोली आहे का, एवढं विचारून घ्या. हे विचारल्यावर जो आयोजक चिडतो तिथे पाठवू नका.

निघतं काय म्हणाल तर मिस्टरांना तुमच्याच गावातली गोष्ट सांगा. 2003 च्या कुंभात चेंगराचेंगरी होऊन 39 माणसं गेली होती, नाशिककर ते विसरलेले नाहीत. पुढच्या म्हणजे 2015 च्या कुंभाच्या आधी अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, जे मूळ नाशिकचे, त्यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' सुरू झालं. गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय असे मेळ्याचे खरे प्रश्न घेऊन विद्यार्थी, डॉक्टर, अधिकारी, बाहेरून आलेले तज्ज्ञ सगळे एकत्र बसले. त्यातच नाशिकच्या एका शाळकरी वयाच्या मुलाने जमिनीवर अंथरायची एक चटई केली, माणसं वरून चालत गेली की आतले सेन्सर किती जण गेले ते मोजणार, म्हणजे गर्दी कुठे तुंबतेय ते आधीच कळणार. ती कुंभात खरोखर वापरली गेली. पण ते काही एका रात्रीत झालं नाही हेही सांगा, कुंभथॉन एकदाच झालं नाही, 2014 पासून पुन्हा पुन्हा भरत गेलं आणि मधल्या काळात ती मुलं कामाला चिकटून राहिली. तुमच्या मुलाला परत आल्यावर 'बक्षीस मिळालं का' विचारू नका, 'पुढच्या शनिवारी काय करणार त्याचं' विचारा.

499 रुपये भरून 'नॅशनल लेव्हल' ऑनलाइन हॅकॅथॉन केला. काहीही सबमिट न करता सर्टिफिकेट आलं आणि आता रोज कोर्स घ्या म्हणून फोन येतात. फसलो का? (लातूर)

हो.

नंबर ब्लॉक कर आणि पाचशे रुपयांत शिकलो म्हण, यापेक्षा महाग शिकलेले लोक मला माहीत आहेत. पुढच्या वेळी बघायचं एवढंच की मागच्या वर्षी जिंकलेल्या टीमचा कोड किंवा डेमो कुठे उघड बघायला मिळतो का. नसेल तर ते सर्टिफिकेट छापायचं दुकान आहे. जेवणापुरती फी घेणं वेगळं, ते मी समजू शकतो.

फुकट असलं म्हणजे चांगलंच असंही नाही म्हणा. दर ऑक्टोबरला होणारं हॅक्टोबरफेस्ट आठव, ओपन सोर्स (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रोजेक्टमध्ये ठरावीक बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. 2020 ला टी-शर्टसाठी लोकांनी कोणाच्याही प्रोजेक्टमध्ये एखादा शब्द इकडचा तिकडे करून पाठवायला सुरुवात केली, प्रोजेक्ट सांभाळणारे एवढे वैतागले की शेवटी त्याच महिन्यात नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय त्याने स्वतः हो म्हणायचं. त्या गोंधळात आपल्याकडची मुलं बरीच होती, हे लिहिताना बरं वाटत नाही.

वय 47, अकाउंट्समध्ये नोकरी. एक्सेलला कंटाळून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो, आता जीएसटीची जुळवाजुळव स्क्रिप्टने करतो. मीटअपला जावंसं वाटतं पण सगळी विशीतली पोरं असणार, आपण काका दिसू. (चिंचवड)

दिसाल की, त्यात काय. मी पण काकाच आहे.

तुम्ही हॅकॅथॉनच्या नादी न लागता महिन्याला भरणाऱ्या छोट्या मीटअपपासून सुरुवात करा असं माझं मत आहे, आणि तुम्ही पुण्याच्या जवळ आहात म्हणजे नशीबवान आहात. लिनक्सवाल्यांचा जुना पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, पायथनवाल्यांचं पायथन पुणे, अलीकडे ओपन सोर्सवाल्या फॉस युनायटेडच्या पुण्यातल्या भेटी. 2011 ची पायकॉन इंडिया ही पायथनवाल्यांची परिषद पुण्यातच झाली होती आणि 2017 ला सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये पायकॉन पुणे झाली, म्हणजे इथे ही मंडळी काही काल-परवा आलेली नाहीत. अशा ठिकाणी पंधरा-वीस माणसं येतात, कोणीतरी प्रोजेक्टर सुरू होत नाही म्हणून धडपडत असतो, दोन जण बोलतात आणि खरी मीटिंग नंतर चहाच्या टपरीवर होते.

आणि तुमच्याकडे जे आहे ते त्या विशीतल्या पोरांकडे नाही हो. त्यांना पायथन येतं पण जीएसटी पोर्टलवरचं 2बी (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून बनणारं स्टेटमेंट) आणि आपलं पर्चेस रजिस्टर जुळत नाही तेव्हा माणसाचं काय होतं ते माहीत नाही. दहा मिनिटांचं बोलणं तयार करा, स्क्रीनवर स्क्रिप्ट चालवून दाखवा (पार्ट्यांची नावं आणि जीएसटी नंबर बदलून, प्लीज). माझ्या अंदाजाने त्या दिवशी टपरीवर सगळ्यात जास्त लोक तुमच्याभोवती असतील.

गंमत म्हणजे हॅकॅथॉन हा शब्द ज्या कार्यक्रमासाठी पहिल्यांदा वापरला असं सांगतात, तो 1999 चा ओपनबीएसडी (एक ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम) वाल्यांचा कॅनडातल्या कॅलगरीमधला, तो असाच होता. दहाएक माणसं. अमेरिकेत क्रिप्टोग्राफीच्या (माहिती गुप्त ठेवायच्या तंत्राच्या) निर्यातीवर बंधनं होती म्हणून कॅनडात बसून कोड लिहिला. स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत. फ्लेक्स आणि दीपप्रज्वलन आपण नंतर जोडलं.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शहरातून तज्ज्ञ बोलावून एक दिवसाची रोबोटिक्स कार्यशाळा घेतली. साहेबांनी इंग्रजीतून शंभरच्या वर स्लाइड दाखवल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या, इलेक्ट्रॉनिक बोर्डाला हात कोणीच लावला नाही. पुन्हा घ्यावी का? (शिरूर तालुका)

सर, घ्या, पण तज्ज्ञ नको. तुमच्याच तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 ला सुरू केलेला. हाताने काम करत करत शिकायचं ही तिथली पद्धत, आणि 2002 ला अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब (यंत्रं वापरून स्वतः वस्तू बनवायची कार्यशाळा, एमआयटीची कल्पना) जगात कुठे उभी राहिली तर पाबळला. एमआयटीची माणसं तिथवर आली आणि आपण शहरातून स्लाइडवाले साहेब बोलावतोय! आधी चार मुलं घेऊन एकदा तिथे जाऊन या.

शाळेत करताना वीस मिनिटांच्या आत प्रत्येक जोडीच्या हातात काहीतरी पेटलं पाहिजे, एक एलईडी, 3 व्होल्टचा एक बटण सेल, दोन वायर. उलटी लावली की पेटत नाही, मग पोरं आपोआप विचारतात का. एका बोर्डाला दोनच मुलं ठेवा, चार ठेवली तर दोघं बघे होतात आणि बघ्यांमध्ये बहुतेक मुली असतात. कॉम्प्युटरसाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, दहाएक मिनिटांचे छोटे धडे आहेत, बरेच मराठीत आहेत आणि धड्यात दाखवतात तसं शेजारी स्वतः करत जायचं अशीच त्यांची बांधणी आहे. नेट गंडलं तरी अडू नये म्हणून आधी डाउनलोड करून ठेवा.

हॅकॅथॉन जिंकलो! आता टीममधल्या दोघांना त्याची कंपनी काढायचीय आणि म्हणतात बाकीच्यांचा संबंध नाही. कोड कोणाचा? (कोल्हापूर)

अभिनंदन, आणि हे भांडण आधी करायचं असतं. आधी स्पर्धेचे नियम उघडून वाचा, काही ठिकाणी आयोजक स्वतःचा हक्क लिहून ठेवतात आणि मग तुम्ही चौघं उगाच भांडताय. तसं नसेल तर ज्याने जे लिहिलं ते त्याचं, आणि कोणी काय लिहिलं ते गिटच्या इतिहासात तारीखवार आहे. चौघांनी एकत्र बसून कागदावर लिहा, सह्या करा. दोघं बसायलाच तयार नसतील तर मात्र वकिलाला विचारा, मला नको.

उद्या पहिल्यांदा हॅकॅथॉनला चाललोय, काय काय घेऊ? (ठाणे)

चार्जर, चादर, पाण्याची बाटली, प्रोजेक्टरला जोडायला एचडीएमआयचं कनेक्टर, फोनमध्ये भरपूर डेटा कारण दोनशे जण आले की हॉलचं वायफाय झोपतं. डेमोचा व्हिडिओ आदल्या रात्रीच रेकॉर्ड करून ठेव. आणि एक्स्टेन्शन बोर्ड ने, तो असला की अनोळखी लोक स्वतःहून येऊन ओळख करून घेतात. त्यावर मार्करने नाव घाल, माझे दोन गेलेत.