चित्र कोणाच्या हाती द्यावं?

या वेळच्या टपालात एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेनं आला आहे: घरातलं चित्र दाखवायचं कुणाला, आणि त्या माणसावर भरवसा कशावरून ठेवायचा? तैलचित्रांच्या संवर्धनाचं काम करताना मला तो सतत भेटतो, म्हणून आजचं सदर त्यालाच देते आहे.

प्रश्न : आजीकडून आमच्याकडे एक मोठं तैलचित्र आलं आहे. सगळं चित्र पिवळसर तपकिरी दिसतं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे निघू लागले आहेत. फ्रेम करणारे म्हणाले, "दोन दिवसांत धुवून नव्यासारखं करून देतो." माझा भाऊ म्हणतो, आधी किंमत काढून घेऊ. नक्की कुणाकडे जावं?

उत्तर : आधी पोपड्यांकडे बघा. बाकी सगळं थांबू शकतं, ते थांबत नाहीत. चित्र उतरवताना दोघांनी दोन बाजूंनी धरा आणि रंगाची बाजू वर करून सपाट ठेवा, म्हणजे सुटू पाहणारा रंग गळणार नाही. त्याला फडकं लावू नका, कोरडंसुद्धा. फुग्यांचं प्लास्टिक रंगाला टेकेल असं गुंडाळू नका. एखादा कपचा गळून फ्रेमच्या खाचेत पडलेला दिसला, तर तो पाकिटात ठेवा आणि चित्राच्या कुठल्या भागातला आहे ते पाकिटावर लिहा. नखाएवढा कपचाही पुन्हा जागेवर बसवता येतो, आणि तेवढ्या जागी नवा रंग भरायची वेळ टळते.

म्हणजे तुमच्या बाबतीत आधी संवर्धक, म्हणजे चित्र दुरुस्त करून राखणारा माणूस, मग मूल्यांकन. रंग घट्ट असता आणि चित्र नुसतं पिवळं पडलेलं असतं, तर मी भावाच्या बाजूनं बोलले असते. चित्र स्वच्छ करण्याचा खर्च कधीकधी त्याच्या बाजारभावापेक्षा जास्त होतो. आजीचं चित्र म्हणून तुम्ही तो आनंदानं कराल, पण आकडा ठाऊक असताना केलेला बरा.

आता धुण्याविषयी. तुम्हाला दिसणारा पिवळेपणा बहुधा वॉर्निशचा, म्हणजे रंगावर शेवटी देतात त्या पारदर्शक थराचा आहे. डामर किंवा मॅस्टिक अशा झाडांच्या राळेपासून केलेलं वॉर्निश जुनं होताना पिवळं, मग तपकिरी होतं. ते काढता येतं. मात्र काढणारं द्रावक असं निवडावं लागतं की वॉर्निश विरघळेल आणि खालच्या रंगाला धक्का लागणार नाही. हा मेळ प्रत्येक चित्रात निराळा असतो, कधी एकाच चित्रातल्या दोन रंगांतही निराळा. चित्रकारानं शेवटी गालावर किंवा वस्त्राच्या घडीवर पातळ, पारदर्शक रंगाचा हात फिरवलेला असतो. त्या रंगात राळ मिसळलेली असेल, तर तो वॉर्निशबरोबरच निघून येतो. असा गेलेला थर जगातला कुठलाही संवर्धक परत आणू शकत नाही.

2020 साली स्पेनमधल्या वॅलेन्सियात एका खासगी संग्राहकानं सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार मुरिलो याच्या 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' या चित्राची आपल्याकडची प्रत साफ करायला दिली. ज्याला दिली तो फर्निचर दुरुस्त करणारा होता, आणि बातम्यांनुसार खर्च होता 1,200 युरो. चित्रातल्या मेरीचा, म्हणजे येशूच्या आईचा चेहरा बिघडला, तो सुधारायला गेले तर आणखी बिघडला. ती छायाचित्रं जगभर फिरली, लोक हसले. मला मात्र त्या मालकाचं वाईट वाटलं, कारण त्यानं चित्राची हेळसांड केलीच नव्हती. चित्र चांगलं व्हावं म्हणून त्यानं पैसे मोजले होते, फक्त हात चुकीचे निवडले. तुमचे फ्रेमवाले कदाचित उत्तम कारागीर असतील. चांगली फ्रेम चित्राचं आयुष्य वाढवते, आणि चित्र बरं झाल्यावर फ्रेमसाठी त्यांच्याकडेच जा. चित्राला हात लावायचं शिक्षण मात्र वेगळं असतं.

ते शिक्षण घेतलेला माणूस पहिल्या भेटीतच ओळखू येतो. तो आधी चित्र उलटं करायला सांगेल. मागचा कॅनव्हास, लाकडी चौकट, कोपऱ्यातल्या पाचरी, खिळे, जुनी लेबलं, पूर्वीच्या दुरुस्तीची ठिगळं हे सगळं तो पाहील. मग खोलीत अंधार करून एका बाजूनं तिरपा उजेड टाकेल. समोरून सपाट दिसणारं चित्र त्या उजेडात डोंगरदऱ्यांसारखं दिसू लागतं, आणि कुठे रंग उचलला आहे ते तुम्हालाही कळतं. अतिनील दिव्याखाली राळेचं जुनं वॉर्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर कुणी भरलेला रंग काळ्या डागांसारखा उठून दिसतो. हे झाल्यावरच तो कडेच्या एखाद्या छोट्या जागी कापसाचा बोळा फिरवून चाचणी घेईल, तीही तुम्हाला विचारून.

यानंतर तुमच्या हाती लेखी कागद आला पाहिजे: चित्राची आजची अवस्था, सुचवलेले उपचार, त्यांतले धोके, पर्याय, खर्च आणि मुदत. "काहीच करू नका, फक्त जागा बदला" हा पर्याय ज्याच्या तोंडून निघू शकतो, त्याच्यावर माझा विश्वास लवकर बसतो. कामाआधी, चालू असताना आणि नंतर छायाचित्रं घेणार का, हे विचारा. नवा रंग फक्त गळलेल्या जागेपुरताच भरणार ना, आणि तो पुढे कुणाला काढता येईल असा असेल ना, हेही विचारा. काम स्वतः करणार की सहायकाकडून करून घेणार? चित्र त्यांच्याकडे असताना त्याचा विमा कुणाचा? या प्रश्नांचा राग येणारा माणूस आपल्या कामाचा नाही. फोनवरच पक्का आकडा सांगणारा, कशानं साफ करणार ते गुप्त ठेवणारा आणि "नव्यासारखं" असं वचन देणारा, यांनाही मी चित्र देणार नाही.

शोध कुठून सुरू करायचा? जवळच्या कलासंग्रहालयाच्या संवर्धन विभागाला पत्र लिहा. संग्रहालयं खासगी चित्रांची किंमत सांगत नाहीत, पण बाहेरची कामं घेणाऱ्या संवर्धकांची नावं पुष्कळदा देतात. एकच नाव मिळालं तर आणखी दोन मागा. अनेक देशांत व्यावसायिक संघटनांच्या याद्या असतात. अमेरिकेत 'अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॉन्झर्वेशन' ठिकाण आणि विषयानुसार शोधता येईल अशी यादी ठेवते. ब्रिटनमध्ये 'आयकॉन' ही संस्था काम तपासून संवर्धकांना मान्यता देते. युरोपातल्या राष्ट्रीय संघटनांचा 'एक्को' हा महासंघ 1991 पासून आहे. यादीत नाव असणं म्हणजे त्याच व्यवसायातल्या लोकांनी पात्रता पाहिली आहे एवढंच. तुमच्या चित्रासाठी तोच योग्य, असा त्याचा अर्थ नाही. कागदावरच्या चित्रांचा संवर्धक वेगळा, कापडाचा वेगळा, लाकडाचा वेगळा. तेव्हा तुमच्यासारखीच चित्रं त्यानं हाताळली आहेत का ते पाहा, आणि पाचसात वर्षांपूर्वी त्यानं केलेलं काम ज्यांच्या घरी आहे त्यांच्याशी बोला. ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात तीन भावंडांत चित्रांची वाटणी करायची आहे. एका तज्ज्ञांनी मूल्यांकनासाठी एकूण किमतीच्या काही टक्के शुल्क सांगितलं, आणि त्यांतली दोन चित्रं स्वतः विकत घ्यायची तयारीही दाखवली. माणूस सज्जन वाटतो. काही हरकत आहे का?

उत्तर : आहे, आणि त्यांचा सज्जनपणा इथे उपयोगाचा नाही. टक्केवारीवर शुल्क ठरलं की किंमत फुगवण्यात त्यांचा फायदा होतो. चित्र स्वतः घ्यायचं असेल तर किंमत पाडण्यात फायदा होतो. तुमच्या प्रस्तावात दोन्ही एकत्र आले आहेत. अमेरिकेत मूल्यांकनाचे जे मानदंड पाळले जातात, त्यांत ठरावीक किंमत लावण्यावर किंवा किमतीच्या प्रमाणात शुल्क घ्यायला साफ मनाई आहे. तासावर किंवा ठरलेल्या रकमेवर काम करणारा मूल्यांकक शोधा, आणि "या वस्तूंमध्ये माझा कसलाही स्वार्थ नाही" हे वाक्य त्याच्या अहवालात सहीनिशी असू द्या. ज्यांना चित्रं विकत घ्यायची आहेत त्यांनी नंतर खुशाल यावं, खरेदीदार म्हणून.

मूल्यांककाला पहिल्याच फोनवर कारण सांगा: वाटणीसाठी हवं आहे. हे फार महत्त्वाचं आहे. विम्यासाठी काढतात ती किंमत म्हणजे चित्र गेलं तर त्याच तोडीचं दुसरं दुकानातून आणायला काय पडेल ती. वाटणीसाठी बहुधा धरतात ती खुल्या बाजारातली, म्हणजे दबाव नसलेला विक्रेता आणि जाणता ग्राहक यांच्यात जिथे सौदा जुळेल ती. पहिली बहुतेक वेळा दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. दोन्ही आकडे प्रामाणिक असतात. भांडण होतं ते एका भावाच्या हाती विम्याचा जुना कागद आणि बहिणीच्या हाती लिलावगृहाचा अंदाज असतो तेव्हा. लिलावगृहाचा अंदाज म्हणजे मूल्यांकन नव्हे. ते चित्र आपल्याकडे विक्रीला यावं अशी त्यांची इच्छा असते, आणि त्यात गैर काही नाही.

चांगल्या अहवालात मूल्यांकनाचं कारण, किमतीचा प्रकार आणि ती कुठल्या तारखेची आहे हे स्पष्ट असतं. त्याच चित्रकाराच्या, त्याच सुमाराच्या, तशाच आकाराच्या चित्रांच्या झालेल्या विक्रीचे दाखले असतात, आणि हे चित्र त्यांहून सरस की उणं हे कारणासकट लिहिलेलं असतं. नुसती "अमुक चित्र, अमुक रक्कम" अशी यादी मिळाली तर पैसे देण्याआधी हे दाखले मागा.

बोलावण्याआधी तुम्हीही थोडी तयारी ठेवा. चोरीला गेलेल्या कलावस्तू ओळखता याव्यात म्हणून 1997 मध्ये 'ऑब्जेक्ट आयडी' नावाचा नोंदीचा एक साधा नमुना तयार झाला. घरगुती संग्रहालाही तो छान लागू पडतो: वस्तू काय आहे, कशाची केलेली आहे, मापं, सही किंवा मजकूर, विषय, अंदाजे काळ, कुणाची कृती, आणि ओळख पटवणारी खूण, उदाहरणार्थ उजव्या कडेची जुनी चीर. पुढून, मागून आणि त्या खुणेचं जवळून छायाचित्र घ्या. वडिलांनी जपलेल्या पावत्या, पत्रं, प्रदर्शनाच्या पुस्तिका एकत्र करा. वाटणीच्या गडबडीत हेच कागद रद्दीत जातात, आणि पुढे चित्राचा इतिहास सांगणारं काही उरत नाही.

प्रश्न : चित्रं थुंकीनं साफ करतात असं वाचलं. खरं की काय?

उत्तर : खरं आहे. लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम मळ सोडवतं. पोर्तुगालच्या संशोधकांनी ते तपासून दाखवलं, आणि त्या कामाला 2018 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं. संवर्धक कापसाचा बोळा किंचित ओला करून, फक्त वरवरच्या मळासाठी, चाचणी घेऊनच ते वापरतात. तुमच्या चित्राचा रंग पाण्याला दाद देतो की नाही हे घरबसल्या कळत नाही, म्हणून तुम्ही करू नका.

प्रश्न : आमच्याकडच्या चित्रावर एका नामवंत चित्रकाराची सही आहे आणि मागे जुनं लेबल. मूल्यांकक म्हणतात, "अस्सल धरून" किंमत सांगतो. मग अस्सल आहे हे कोण सांगणार?

उत्तर : त्यांनी सरळ सांगितलं, हे बरं झालं. किंमत काढणं, चित्र राखणं आणि चित्र कुणाचं ते ठरवणं ही तीन निराळी कामं आहेत. तिन्हींची हमी एकटाच देणारा भेटला तर सावध व्हा.

सही आणि लेबल यांवर विसंबू नका. हाइनरिश काम्पेनडोंक या जर्मन चित्रकाराचं 1914 चं म्हणून एक चित्र 2006 मध्ये 28 लाख युरोंहून जास्त किमतीला विकलं गेलं. मागे एका जुन्या संग्रहाचं लेबलही होतं. पुढे प्रयोगशाळेत त्यात टायटॅनियम पांढरा हा रंग सापडला, आणि 1914 साली तो चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता. चित्र वोल्फगांग बेल्ट्राकी या बनावट चित्रं करणाऱ्या जर्मन माणसानं रंगवलेलं होतं, आणि लेबलही बनावट होतं. 2011 मध्ये त्याला शिक्षा झाली. पण यातून प्रयोगशाळा सगळं सांगते असं समजू नका. रंग त्या काळाशी जुळत नाही एवढं ती सांगू शकते. जुळला तरी हात त्याच चित्रकाराचा होता हे त्यावरून सिद्ध होत नाही.

तुम्ही त्या चित्रकाराच्या कामाची साद्यंत सूची, म्हणजे त्याच्या सगळ्या ज्ञात चित्रांची नोंद, कुणी केली आहे का ते आधी शोधा. असेल तर सूचीकारांना छायाचित्रांसह लिहा. नसेल तर त्याच्यावर संशोधन केलेला अभ्यासक किंवा त्याची बरीच चित्रं जपणारं संग्रहालय गाठा. उत्तर "मत देत नाही" असं आलं तरी वाईट मानू नका. खटल्यांच्या खर्चापायी अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांची सत्यता ठरवणारं मंडळ बंद करण्याचा निर्णय 2011 मध्ये झाला, आणि तेव्हापासून पुष्कळ जण लेखी मत द्यायला कचरतात.

तोवर मूल्यांककाला अहवालात "अस्सल असल्याचं गृहीत धरून" हे शब्द ठळक लिहायला लावा, आणि अस्सल न ठरल्यास किंमत काय, तो दुसरा आकडाही मागा. आणि मागचं लेबल खरं असो वा खोटं, फ्रेम बदलताना ते कुणालाही काढू देऊ नका.