गर्लाँ या फ्रेंच कंपनीच्या 'शालिमार' परफ्यूमचा वास कसा असतो? बेळगावच्या हवेत चालेल का?

चालेल, पण पावसाळ्यात आणि थंडीत. एप्रिल-मेच्या उन्हात तो जड होतो. १९२५ साली बाजारात आलेल्या या परफ्यूमचा सुरुवातीचा वास फसवा आहे: बर्गमॉटचा लिंबूवर्गीय झटका, मागे धुरकट, चामड्यासारखी छटा. इथेच बरेचजण नाक मुरडतात. तासाभराने व्हॅनिला, टोंका बी (एक सुगंधी बी) आणि आयरिस या फुलझाडाचा पावडरी गोडवा वर येतो, खरं शालिमार तेच. हा दाटपणा मुख्यतः एथिल व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलासारखा वास देणाऱ्या कृत्रिम रसायनाचा. वास असा तासाभरात बदलतो, त्यामुळे कागदी पट्टी हुंगून लगेच विकत घेऊ नका. मनगटावर एकच फवारा मारा, चोळू नका, खडेबाजारात फेरफटका मारून या आणि मग ठरवा. जरीच्या साडीवर मात्र थेट मारू नका, डाग पडू शकतो.